रिकाम्या धरणांचं शहर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन शहराच्या वायव्येला इंगलवूड नावाचं मातीचं धरण आहे. उंची ११० फूट, लांबी जवळजवळ दीड किलोमीटर. माथ्यावरून हमरस्ता जातो आणि गाड्या न थांबता पुढे निघून जातात. थांबून पाहण्यासारखं तिथे वरवर काही नाहीच. धरणाच्या एका अंगाला झाडी, कुरणं आणि पायवाटा आहेत, दुसऱ्या अंगालाही तेच. मधून स्टिलवॉटर नावाची नदी संथपणे येते, धरणाच्या पोटातल्या काँक्रीटच्या बोगद्यांत शिरते आणि पलीकडे बाहेर पडते. जलाशय नाही, वीजघर नाही, कालवा नाही. दारं उचलायला माणूस नाही, कारण दारंच नाहीत.

डेटनभोवती अशी एकूण पाच धरणं आहेत. पाचही १९१८ ते १९२२ या काळात बांधली गेली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांना एक डॉलरही दिला नव्हता. शंभर वर्षं ती जवळजवळ सदैव रिकामी उभी आहेत, आणि रिकामं राहणं हेच त्यांचं काम आहे. धरण भरलं की जलपूजनाला जाणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना हे पचायला थोडं जड जातं.

शहर कुठे वसलंय ते पाहिलं की या उपद्व्यापाचं कारण कळतं. ग्रेट मियामी ही तिथली मुख्य नदी. तिला डेटनजवळ तीन पाणी येऊन मिळतात: स्टिलवॉटर, मॅड रिव्हर आणि वुल्फ क्रीक. सुमारे अडीच हजार चौरस मैलांवर पडलेला पाऊस शेवटी या एका शहरातून जातो. १७९६ साली पहिले वसाहतवाले इथे उतरले ते नदीतूनच, आणि नदीकाठची सपाट, काळी, सुपीक जमीन पाहून तिथेच राहिले. इथे पाणी चढतं असं मूळच्या रहिवाशांनी त्यांना सांगितलं होतं, अशी आठवण शहर अजून सांगतं. नऊ वर्षांत, १८०५ साली, पहिला मोठा पूर आला. त्यानंतर १८२८, १८४७, १८६६, १८९८. दर पुरानंतर काठावरचे मातीचे बांध थोडे उंच केले गेले आणि बांधांमागे आणखी घरं उठली.

उठणारं शहर साधंसुधं नव्हतं. १८२९ साली सिनसिनाटीहून कालवा आला, मग रेल्वे आली. बार्नी अँड स्मिथ कंपनी इथे रेल्वेचे डबे बनवू लागली. १८७९ मध्ये जेम्स रिटी या गुत्तेवाल्याने, गल्ल्यावरचे नोकर पैसे मारतात म्हणून, विक्रीची नोंद ठेवणारं यंत्र शोधून काढलं. त्या यंत्राचा धंदा १८८४ साली जॉन पॅटरसनने विकत घेतला आणि नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजे एनसीआर, ही कंपनी उभी केली. कामगाराला उजेड मिळावा म्हणून भिंतीभर काचा लावलेले तिचे कारखाने पाहायला लांबून लोक येत. पश्चिम डेटनमध्ये बिशप मिल्टन राइट यांची दोन मुलं, विल्बर आणि ऑर्व्हिल, सायकली विकत आणि दुरुस्त करत होती. विमान त्याच दुकानात जन्मलं.

शहराची श्रीमंती त्याच्या इमारतींत दिसत होती. मुख्य चौकातलं जुनं कोर्ट १८५० मध्ये पुरं झालं. हॉवर्ड डॅनियल्स या वास्तुरचनाकाराने अथेन्सच्या हेफेस्टस मंदिराचा नमुना समोर ठेवून ते स्थानिक चुनखडीच्या दगडात बांधलं. समोर ग्रीक स्तंभ आणि आत अंडाकृती न्यायदालन, वर घुमट. १८५९ च्या सप्टेंबरात अब्राहम लिंकनने तिथे भाषण केलं, तेव्हा तो अजून राष्ट्राध्यक्ष व्हायचा होता. जवळच १९०४ मध्ये आर्केड उघडलं: एकमेकींना जोडलेल्या इमारती आणि मधोमध काचेच्या घुमटाखाली मंडई. ती मंडई आहे हे विसरायला नको म्हणून सजावटीत टर्की कोंबडे आणि मेंढ्यांची मुंडकी कोरून बसवली आहेत. आपल्याकडच्या मंडईवर कुणी कोथिंबिरीच्या जुड्या कोरल्या असत्या, तर त्याला गावाने वेड्यात काढलं असतं.

मग १९१३ चं ईस्टर आलं.

२३ मार्चच्या रविवारी पाऊस सुरू झाला. हिवाळा नुकता सरत होता, जमीन आधीच तुडुंब भिजलेली होती, झाडांना पालवी नव्हती. तीन दिवसांत मियामीच्या खोऱ्यावर नऊ ते अकरा इंच पाऊस पडला. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. आंबोलीत एवढा एका दिवसात पडतो. पण तिथल्या जमिनीला आणि नदीला त्याची सवय नव्हती, आणि पडलेल्यापैकी सुमारे नव्वद टक्के पाणी न जिरता थेट नदीला आलं. डेटनमधून गेलेला सर्वांत मोठा विसर्ग अडीच लाख क्युसेक होता. खडकवासल्यातून मुठेत पस्तीस-चाळीस हजार क्युसेक सोडलं की सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत होड्या चालतात, हे लक्षात घेतलं की अडीच लाख म्हणजे काय याची कल्पना येते.

मंगळवारी, २५ मार्चला, सकाळी बांधांवरून पाणी ओसंडलं आणि बांध फुटले. काही तासांत मुख्य बाजारपेठेत काही ठिकाणी वीस फूट पाणी झालं. लोक पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून माळ्यावर आणि माळ्याचं छप्पर फोडून कौलांवर गेले. गॅसच्या नळ्या तुटल्या, स्फोट झाले, आणि पाण्याने वेढलेल्या इमारतींना आग लागली. बंबाला तिथे पोचायची वाटच नव्हती. बुधवारी मध्यरात्रीनंतर पाण्याने आपली सर्वांत वरची खूण गाठली. ओसरल्यावर रस्त्यांत चौदाशेच्या आसपास मेलेले घोडे होते. साऱ्या खोऱ्यात तीनशे साठहून अधिक माणसं गेली, पासष्ट हजार बेघर झाली आणि त्या काळच्या दहा कोटी डॉलर्सहून अधिक मालमत्ता वाहून गेली.

त्या दिवसांतला पॅटरसन हे मोठं विचित्र प्रकरण आहे. अवघ्या महिन्याभरापूर्वी, फेब्रुवारीत, त्याला आणि त्याच्या अधिकाऱ्यांना न्यायालयाने एक वर्षाच्या कैदेची शिक्षा ठोठावली होती. प्रतिस्पर्ध्यांना दांडगाईने बाजारातून घालवल्याचा ठपका होता. शिक्षा झालेल्यांत थॉमस वॉटसन होता, ज्याने पुढे आयबीएम नावारूपाला आणली. एनसीआरचा कारखाना उंचावर होता आणि त्याला स्वतःचं वीजघर आणि विहिरी होत्या. पॅटरसनने गल्ल्याची यंत्रं बनवणं थांबवून सुतारांना सपाट तळाच्या होड्या बनवायला लावलं. अशा पावणेतीनशेच्या वर होड्या निघाल्या. कारखान्यात हजारो लोक झोपले आणि जेवले. बातमीदारांसाठीही त्याने खास सोय केली, त्यामुळे जगभर जे छापून आलं त्यात त्याचं नाव ठळक होतं. उपकार आणि जाहिरात यांतली सीमारेषा त्याला दिसत नसावी, किंवा दिसूनही त्याने ती मानली नसावी. शिक्षा १९१५ मध्ये वरच्या न्यायालयात रद्द झाली.

राइट कुटुंबाचं हॉथॉर्न स्ट्रीटवरचं घर पाण्यात होतं. विल्बर आदल्याच वर्षी विषमज्वराने गेला होता. म्हाताऱ्या बिशपांना होडीतून काढावं लागलं. घरामागच्या शेडमध्ये काचेच्या निगेटिव्ह होत्या, त्यांत १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाची निगेटिव्हही होती. आणि ते विमान? सुटं करून खोक्यांत भरलेलं, तेही सायकलच्या दुकानामागे चिखलाखाली गेलं. दोन्ही वाचलं. तो जगप्रसिद्ध फोटो नीट पाहिला तर डाव्या कोपऱ्यात खाली एक डाग दिसतो. काचेवरचा लेप तिथे निघून गेला आहे. तो १९१३ चा पूर आहे.

पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांत शहराने पूरनियंत्रणासाठी वीस लाख डॉलर्सहून अधिक वर्गणी जमवली. कुठल्या योजनेवर ती खर्च होणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. वर्गणीची हाक अशी होती: माळ्यावर बसून दिलेली वचनं विसरू नका. एनसीआरच्या गावाला शोभेल असं एक अवाढव्य कॅश रजिस्टर शहराच्या मध्यभागी उभं केलं होतं आणि त्यावर जमलेला आकडा चढत जाई. तिथल्या आपत्तीतून आणखी एक गोष्ट निघाली. जुन्या नगरपालिकेच्या कारभारावर लोक आधीच चिडलेले होते. १९१४ च्या १ जानेवारीपासून डेटनने निवडलेले आयुक्त आणि त्यांनी नेमलेला व्यावसायिक व्यवस्थापक अशी पद्धत सुरू केली. ती पद्धत घेणारं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर ठरलं.

पूरनियंत्रण समितीचा प्रमुख होता एडवर्ड डीड्स, एनसीआरमधला इंजिनियर-अधिकारी आणि मोटारींची विजेची उपकरणं बनवणाऱ्या डेल्को कंपनीचा एक संस्थापक. त्याने मेम्फिसहून आर्थर मॉर्गन याला बोलावलं. मॉर्गन तेव्हा पस्तिशीचा होता. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. मिनेसोटात भूमापक असलेल्या बापाच्या हाताखाली तो काम शिकला आणि दलदलीचं पाणी काढण्याच्या कामांत त्याने नाव कमावलं होतं.

त्याच्यासमोर पहिला सोपा उपाय होता: नदी रुंद करा. हिशेब मांडला तेव्हा कळलं की १९१३ इतकं पाणी नुसत्या पात्रातून न्यायचं, तर ज्याला वाचवायचं ते मध्यवर्ती शहरच मोठ्या प्रमाणात पाडावं लागेल. दुसरा उपाय होता शहराच्या वर, सर्व उपनद्यांवर, पाणी अडवण्याचा. पण अडवायचं किती, आणि किती वेळ?

इथे मॉर्गनने जो मार्ग काढला तो कळायला आपल्याकडची मोरी पुरते. मोरीच्या भोकातून ठरावीक वेगानेच पाणी जातं. तांब्याने अंघोळ करा, मोरीत पाणी साचत नाही. पूर्ण बादली एकदम उपडी केली तर ते चढतं, काही क्षण थांबतं आणि आपोआप उतरतं. कुणी भोक उघडत नाही, कुणी बंद करत नाही. पाचही धरणांच्या पायथ्याचे मार्ग याच हिशेबाने ठरवले गेले: खालचं पात्र आणि बांध जेवढं सुखरूप नेऊ शकतात तेवढंच पाणी त्यांतून जाईल. रोजची नदी त्यांना जाणवतही नाही. मोठा पाऊस झाला की उरलेलं पाणी मागे फुगतं, शेतांवर पसरतं आणि काही दिवसांत ओसरतं. या कल्पनेला जुना दाखलाही होता. फ्रान्समध्ये ल्वार नदीवर पिनेजवळ १७११ साली नदी आवळणारा असा बंधारा घातलेला होता आणि मॉर्गनच्या माणसांनी त्याचा अभ्यास केला होता.

किती पाण्यासाठी बांधायचं, हा प्रश्न त्याने ज्या चिकाटीने सोडवला, ती मला या साऱ्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. शहर म्हणत होतं, १९१३ पुरे. त्याहून मोठं कुणी पाहिलंच नव्हतं. पण डेटनची आठवण अवघी शंभर-सव्वाशे वर्षांची होती, आणि त्या आठवणीवर विसंबायला मॉर्गन तयार नव्हता. त्याने पूर्व अमेरिकेतल्या वादळी पावसांच्या नोंदी एकत्र करून घेतल्या. सेन, डॅन्यूब, टायबर अशा, शतकानुशतकं पुराच्या खुणा दगडावर कोरलेल्या युरोपीय नद्यांचा इतिहास गोळा केला. आणि शेवटी ठरवलं: १९१३ चा पूर, अधिक चाळीस टक्के. आपल्याकडे नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखतात आणि निळीच्या आत काय बांधलं आहे यावर वर्षानुवर्षं वाद घालतात. मॉर्गनने रेषा आखायच्या आधी हजार वर्षं मागे जाऊन पाहिलं.

खरी लढाई मात्र कागदावरच्या हिशेबापेक्षा कचेऱ्यांत आणि शेतांत झाली. अनेक तालुक्यांतून, नऊ परगण्यांतून जाणाऱ्या नदीवर काम करणारी एकच संस्था काढायला ओहायोत कायदाच नव्हता. तो नव्याने लिहावा लागला. गव्हर्नर जेम्स कॉक्स स्वतः डेटनच्या वर्तमानपत्राचा मालक होता. त्याने १९१४ च्या फेब्रुवारीत कायद्यावर सही केली. वरच्या भागातले शेतकरी खवळले. डेटनला वाचवायला आमची शेतं का बुडवायची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर तो रास्त होता. प्रकरण न्यायालयात गेलं. कायदा टिकला आणि १९१५ च्या जूनमध्ये मियामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट ही संस्था स्थापन झाली. तिच्यावर देखरेख ठेवायला एक खास न्यायालय आहे, ज्यात प्रत्येक परगण्याचा एक न्यायाधीश बसतो. संचालक हे न्यायालय नेमतं. ही व्यवस्था आजही तशीच चालते.

पैसा कुठून आला? ज्याचा फायदा त्याच्यावर आकारणी. एखाद्या घरात किंवा कारखान्यात १९१३ ला पाणी किती चढलं आणि धरणांमुळे त्याची किंमत किती वाढेल, हे घरोघरी मोजलं गेलं आणि त्या प्रमाणात वाटा ठरला. त्या आधारावर रोखे विकले गेले. सारा खर्च तीन कोटी डॉलर्सच्या वर गेला. वरच्या भागातली बुडीत जाऊ शकणारी जमीन संस्थेने विकत घेतली आणि पुढे त्यातली बरीचशी एका अटीवर परत शेतकऱ्यांना विकली. अट अशी: शेती खुशाल करा, पण पाणी आलं तर तक्रार नाही. अमेरिकेतल्या मक्याच्या शेताच्या सातबाऱ्यावर असा पुराचा बोजा चढला.

बांधकामाची हकीकत सांगायला एक वेगळा लेख लागेल. बोगद्यांतून धरणाबाहेर फेकलं जाणारं पाणी एवढ्या जोरात येणार की नदीचा तळ उखडून धरणाच्या पायाखालची माती नेईल, ही काळजी होती. पाण्याला एका ठिकाणी मुद्दाम उसळवलं तर त्याचा जोर स्वतःतच जिरतो. इंजिनियर याला जलोत्प्लव म्हणतात. त्याचे प्रयोग मॉर्गनच्या लोकांनी एका पोहण्याच्या तलावात छोटी प्रतिकृती बांधून केले. आज मोठमोठ्या धरणांच्या सांडव्याखाली हीच युक्ती नेहमीची झाली आहे.

धरणं मातीची, पण माती गाड्यांनी ओतलेली नाही. टेकड्यांवर पाण्याचे जोरदार फवारे मारून माती विरघळवायची, तो गाळ नळांतून पंपाने धरणाच्या जागी आणायचा आणि दोन्ही कडांना सोडायचा. जाड वाळू-खडी कडेलाच बसते. बारीक चिकणमाती वाहत मध्यभागी जाते, तिथल्या डबक्यात हळूहळू खाली बसते आणि पाणी न सोडणारा गाभा तयार होतो. एकट्या इंगलवूडमध्ये ३५ लाख घनयार्ड माती आहे, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडएवढी. महायुद्धाच्या काळात ठेकेदार भाव सांगायला धजत नव्हते, म्हणून संस्थेने स्वतःच यंत्रं घेतली, स्वतःच माणसं लावली. मजुरांसाठी प्रत्येक धरणाजवळ एक लहान गाव वसवलं, त्यात पोरांसाठी शाळा आणि मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग.

मातीचं धरण म्हटलं की पुण्याच्या जुन्या माणसाच्या मनात एकच तारीख येते: १२ जुलै १९६१. पानशेत पहिल्याच पावसाळ्यात, काम अर्धवट असताना भरू दिलं गेलं, फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि मुठेकाठच्या पेठांतले मातीविटांचे वाडे विरघळले. दोष एकट्या मातीचा नव्हता. पाण्याला वाट द्यायची सोय तयार होण्याआधी पाणी आलं, हे खरं कारण. डेटनच्या धरणांत वाट आधी आणि धरण नंतर. वाटेला दार नसल्यामुळे ते अडकायचाही प्रश्न नव्हता.

पाचही धरणांमागे मिळून ८ लाख ४१ हजार एकर-फूट पाणी मावतं. आपल्या भाषेत साडेछत्तीस टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या चारही धरणांची एकत्र क्षमता सुमारे एकोणतीस टीएमसी आहे. म्हणजे डेटनने पुण्याच्या सगळ्या धरणांपेक्षा मोठी जागा मोकळी सोडून ठेवली आहे, कधीतरी लागेल म्हणून. एवढी जागा पाहिल्यावर कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटणारच: थोडं साठवू, वीज काढू, शेतीला देऊ. मॉर्गनने हे आधीच ओळखलं. प्रत्येक धरणावर त्याने शिलालेख बसवला आहे. ही धरणं पूर थोपवण्यासाठी आहेत. वीज किंवा साठवण यांसाठी त्यांचा वापर केल्यास खालच्या शहरांना धोका होईल, असा त्याचा आशय. शंभर वर्षांत हा लेख कुणी पुसला नाही. ऑगस्टच्या मध्यात धरण भरलेलं हवं आणि त्याच महिन्यात पूरही थोपवायला हवा, या दोन इच्छांच्या ओढाताणीत कृष्णाकाठी जे होतं ते कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला सांगायला नको.

मॉर्गनचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. डेटननंतर तो अँटिऑक कॉलेजचा अध्यक्ष झाला, १९३३ मध्ये टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा पहिला अध्यक्ष झाला आणि १९३८ मध्ये रूझवेल्टने त्याला तिथून काढलं. त्याच टेनेसीचा नमुना घेऊन १९४८ साली आपल्याकडे दामोदर खोरे महामंडळ निघालं. आणि त्याच वर्षी डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली जो विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला, त्यात झाकिर हुसेन आणि मेघनाद साहा यांच्या शेजारी आर्थर मॉर्गनही बसला होता. त्या अहवालातला ग्रामीण विद्यापीठांवरचा भाग प्रामुख्याने त्याचा. पदवी नसलेल्या माणसाने भारताच्या विद्यापीठांविषयी लिहिलं, आणि तेही खेड्यांविषयी. मजुरांच्या वस्त्यांत शाळा काढणाऱ्याला ते जमलं असावं.

परत डेटनकडे. धरणांपायी काही गावं हलली, हेही सांगायला हवं. मॅड रिव्हरवरच्या हफमन धरणाच्या फुगवट्यात ऑसबर्न नावाचं आख्खं गाव येत होतं. गावकऱ्यांनी घरं पाडू दिली नाहीत. स्वतःची कंपनी काढून त्यांनी चारशेच्या आसपास घरं पायापासून उचलली, चाकांवर ठेवली, ओढयंत्रांनी ओढून दोन-तीन मैलांवर, फेअरफील्ड गावाशेजारी नेऊन ठेवली. १९५० मध्ये दोन्ही गावं एक झाली आणि नावही दोघांचं मिळून झालं: फेअरबॉर्न. ती घरं तिथे आजही उभी आहेत. टेलर्सव्हिल धरणामागच्या टॅडमोरच्या नशिबात मात्र हे नव्हतं. राष्ट्रीय रस्त्यावरचं ते जुनं गाव उठलं ते उठलंच. आता तिथे रानातून पायवाट जाते.

आणि शहर? जानेवारी १९५९ ची पर्जन्यवृष्टी ही धरणांची आजवरची सर्वांत मोठी परीक्षा. पाचही धरणांमागे पाणी फुगलं, डेटनच्या रस्त्यांत आलं नाही. बांधल्यापासून लहानमोठ्या मिळून दोन हजारांहून अधिक वेळा त्यांनी पाणी अडवलं आहे, आणि बहुतेक वेळा शहराला ते कळलंही नाही. जुनं कोर्ट अजून उभं आहे. त्याच्या जागी म्हणून १८८४ मध्ये शेजारी बांधलेलं नवं कोर्ट मात्र १९७० च्या दशकात पाडलं गेलं. १७९६ ची न्यूकम खानावळ, शहरातली सर्वांत जुनी इमारत, ओंडक्यांची आहे. १९१३ ला तीही पाण्यात होती. १९६४ मध्ये ती कॅरिलॉन पार्कमध्ये हलवली गेली. ऑरेगॉन भागातली विटांची घरं पाण्यातून निघाली आणि १९७० च्या दशकात ऐतिहासिक वस्ती म्हणून जपली गेली. राइट बंधूंचं घर आणि शेवटचं सायकलचं दुकान जे पुराने नेलं नाही, ते १९३० च्या दशकात हेन्री फोर्डने नेलं, ऑर्व्हिलच्या संमतीने, विटान्‌वीट मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालयात. डेटनला त्यांचं आधीचं एक दुकान तेवढं उरलं.

पाण्याने न गेलेलं पुष्कळ काही मग उद्योगांनी नेलं. १९६० मध्ये शहराची वस्ती २ लाख ६२ हजार होती. २०२० मध्ये ती १ लाख ३७ हजारांवर आली. काचेच्या भिंतींचे एनसीआरचे कारखाने पाडले गेले, कंपनी २००९ मध्ये जॉर्जियाला गेली. शेजारच्या मोरेनमधला मोटारींचा कारखाना २००८ मध्ये बंद झाला आणि पुढे त्यात एक चिनी कंपनी मोटारींच्या काचा बनवू लागली. ‘अमेरिकन फॅक्टरी’ हा ऑस्कर मिळवणारा माहितीपट त्याच कारखान्याचा. आर्केडचा काचेचा घुमट पूर येऊनही फुटला नव्हता. गिऱ्हाईक आटलं तेव्हा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याला कुलूप लागलं. तीस वर्षं ते टर्की कोंबडे अंधारात होते. २०२१ मध्ये दुरुस्तीनंतर त्याचा एक भाग पुन्हा उघडला, आता तिथे नवउद्योजकांची कार्यालयं आणि विद्यापीठाचे वर्ग आहेत.

हफमन धरणामागच्या बुडीत क्षेत्रात एक सपाट कुरण आहे. एकेकाळी टॉरेन्स हफमन नावाच्या बँकरच्या मालकीचं. गाई-घोडे आधी बाजूला हाकलायचे, एवढ्या अटीवर १९०४ साली त्याने ते राइट बंधूंना फुकट वापरायला दिलं. पहिलं उड्डाण किटी हॉकला झालं असलं तरी विमान वळवायला, हवेत ठेवायला आणि पुन्हा उतरवायला ते या कुरणावर शिकले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर इथे ३९ मिनिटं हवेत राहिला, चोवीस मैल फिरला. पुढे भोवती हवाई दलाचा मोठा तळ वाढला, धावपट्ट्या आल्या, हँगर आले, कचेऱ्या आल्या. हे कुरण मात्र तसंच राहिलं. पूर आला की तिथे पाणी येऊ द्यायचं असतं, त्यामुळे त्यावर बांधायला कुणाला परवानगी नाही. आता तिथे राइटांच्या शेडची प्रतिकृती, विमानाला वेग देणाऱ्या मनोऱ्याची प्रतिकृती, आणि बाकी गवत.